भरलेला वजा रिकामा

पंचायतीच्या वरच्या खोलीत, कुडचड्याला,
सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेचार ते सहा.
खाली सोसायटीच्या तांदळाची पोती,
वर आम्ही नऊजण:
नववीत कसेबसे ढकललेले आठ
आणि मी, बंद खाणीचा काट्यावरचा कारकून.

मी मास्तर नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
बावीस वर्षं टिपर मोजले.
रिकामा आला, लिही. भरून आला, लिही.
भरलेला वजा रिकामा, बरोबर माल.
माल मालकाचा,
वजाबाकी तेवढी माझी.

फ्लोसी परेरा अपूर्णांक दिसला
की पेनाचं टोपण चावायला घेते.
इंग्रजी धडा मात्र अशी वाचते,
जसं कुणी उतारावर सायकल सोडून द्यावी.
मोहसीन पाढे म्हणतो आणि तेरावर येऊन खिडकीबाहेर पाहतो.
आणि रूपेश वेळीप
गप्प.
वहीला समास आखलेला, तारीख घातलेली,
उत्तराच्या जागी
खोडून खोडून पातळ झालेला कागद.
धरला उजेडात, तर पलीकडचा फळा दिसेल.
दोन महिने मी समजत होतो,
ह्याला गणित येत नाही.

मग एका शुक्रवारी वीज गेली.
पुस्तक दिसेना, म्हणून तोंडीच घातलं:
सातशे टनांची बार्ज, दहा टनांचा टिपर,
दर वीस मिनिटांनी दोन येतात.
बार्ज कधी भरेल?
काळोखातून, मागच्या बाकावरून:
"इकरा वरां, चाळीस मिनटां."
थोडं थांबून,
"पयले दोन सुरवातीकच आयल्यार
वीस मिनटां उणीं."

बावीस वर्षांत
एकाही सुपरवायझरने मला ती वीस मिनिटं विचारली नव्हती.

वीज आली. तसलंच गणित पुस्तकातून काढलं.
दोन नळ, एक टाकी.
त्याचं बोट पहिल्या ओळीवरून सरकलं,
आणि 'रिस्पेक्टिव्हली'पाशी
रेल्वेचं फाटक पडावं तसं थांबलं.
पलीकडे सगळं गणित उभं, हॉर्न वाजवत.
घरात कोकणी, चौथीपर्यंत मराठी,
पाचवीपासून हे.
नळ मात्र एकसारखेच गळत होते तिन्ही भाषांत.

मी दोघांना एका बाकावर बसवलं.
ती वाचील, तो सोडवील.
आठवडाभर भांडले.
ती म्हणे, हा माझ्याकडून नुसता वाचून घेतो.
तो म्हणे, हिला उत्तर हवं असतं, रीत नको.
दोघांचंही खरं होतं.
शिवाय बोर्डाच्या परीक्षेत बाक एकेकट्याला मिळतो,
तिथे कोण कुणाचं फाटक उघडणार?

म्हणून आता शब्दच उतरवून घेतो, पाट्या-पाट्यांनी.
रिस. पेक्ट. इव्ह. ली.
मीही त्यांच्याबरोबर म्हणतो.
कारण खरं सांगायचं तर गेटपासवरचं इंग्रजी
मी वाचत नव्हतो कधी,
कुठली रकाना कुठे, एवढंच पाठ होतं.
ह्या वर्गासाठी सरपंचांना दिलेल्या अर्जातल्या
चार चुका नंतर फ्लोसीनेच काढल्या.

चाचणीत रूपेशला चाळीसांपैकी चौदा.
आधी सहा होते.
पेढे वाटण्यासारखं काही नाही.
पण ह्या खेपेला कागद पातळ झालेला नाही,
चूक आहे ती शाईत आहे, ठळक.

काल सगळे उतरून गेल्यावर तो जिन्यात रेंगाळला.
माझी जुनी काट्याची पावती पुस्तकात खूण म्हणून होती,
तीच हातात घेऊन, अक्षर अक्षर जोडत:
"टे... टेअर. म्हणजे किदें, सर?"
रिकाम्या गाडीचं वजन, मी म्हटलं.
"रित्याकूय वजन आसता?"
असतं तर.
तेच आधी मोजायचं.

त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.
स्पेलिंग चुकलं.
मी खिडक्या लावत राहिलो.